इंजिनाचा श्वास : नैसर्गिक की टर्बो?

स्मरणिकेत इंजिनावरील लेख पाहून काही वाचकांना आश्चर्य वाटेल, याची आम्हांस कल्पना आहे. अशा ग्रंथात आठवणी असतात, ऋणनिर्देश असतो, संस्थेच्या वाटचालीचा आलेख असतो. तथापि आमच्या वसतिगृहात राहून शिकलेली अनेक मुले आज वाहनांच्या कारखान्यांत आणि गॅरेजांत राबत आहेत. कोणी टॅक्सी चालवून संसार सांभाळतो आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात पंगत उठली की ही मंडळी एका कोपऱ्यात जमतात आणि एक वाद हमखास रंगतो : इंजिन साधे चांगले की टर्बोचे? साध्या इंजिनाला त्यांच्या बोलीत ‘एनए’, म्हणजे ‘नॅचरली ॲस्पिरेटेड’, असे नाव आहे. आपण त्यास नैसर्गिक श्वसनाचे इंजिन म्हणू.

मागील मेळाव्यात त्यांच्यापैकी एकाने आम्हांस थेट प्रश्न केला, “सर, बारा वर्षे दुसऱ्याची टॅक्सी चालवून पैसे साठवले. आता स्वतःची गाडी घ्यायची आहे. शोरूमवाला म्हणतो, एक लिटरचे टर्बो इंजिन दीड लिटरच्या साध्या इंजिनाला भारी आहे. गॅरेजवाला म्हणतो, टर्बोच्या नादी लागू नकोस. दोघांपैकी खोटे कोण बोलतो?”

त्या गडबडीत आम्ही दिलेले उत्तर अपुरे होते, हे आम्हांस घरी परतताना जाणवले. बारा वर्षांच्या बचतीचा प्रश्न चार वाक्यांत निकालात काढणे योग्य नव्हे. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आहे.

हवेचे गणित

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. ते अर्धसत्य आहे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हिशेब केला तर एक लिटर पेट्रोल संपेपर्यंत इंजिनाने सुमारे नऊ हजार लिटर हवा आत घेतलेली असते. पेट्रोलसाठी आपण पैसे मोजतो म्हणून ते लक्षात राहते. हवा फुकट मिळते म्हणून तिचा विसर पडतो. प्रत्यक्षात सिलिंडरमध्ये अधिक पेट्रोल सोडणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते त्याला पुरेल इतकी हवा आत नेणे. इंजिनाची शक्ती वाढवण्याचा इतिहास हा बहुतांशी अधिक हवा आत नेण्याचा इतिहास आहे.

नैसर्गिक श्वसनाच्या इंजिनात ही हवा कशी येते ते पाहू. पिस्टन खाली उतरतो, सिलिंडरमधील दाब घटतो, आणि उघड्या झडपेतून हवा आत शिरते. इंजिन हवा ओढून घेते असा आपला समज असतो. वस्तुतः तिला आत ढकलण्याचे काम बाहेरचे वातावरण करते. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम-भार इतका असतो. निसर्गाने दिलेले हे भांडवल सर्वांना सारखे. त्याहून अधिक मागण्याची सोय या इंजिनाला नाही.

मग शक्ती वाढवायची कशी? त्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, सिलिंडर मोठे करणे, म्हणजे एका घोटात अधिक हवा मावेल. दुसरा, फेरे वाढवणे, म्हणजे घोट तेवढाच राहिला तरी तो अधिक वेळा घेता येईल. तिसरा, झडपांची वेळ आणि हवेच्या नळ्यांची लांबी इतक्या काटेकोरपणे जुळवणे की प्रत्येक घोट काठोकाठ भरावा. १९९९ मध्ये आलेल्या होंडा एस-२००० या गाडीचे दोन लिटरचे इंजिन हे या कौशल्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. युरोपात विकल्या गेलेल्या या गाडीत ते टर्बोविना २४० अश्वशक्ती देत असे. मात्र ती शक्ती मिळत असे मिनिटाला ८,३०० फेऱ्यांवर. सामान्य घरगुती गाडीचा चालक इतक्या फेऱ्यांपर्यंत क्वचितच पोहोचतो.

वाहनप्रेमींच्या जिव्हाळ्याचे मूळ येथे आहे. असे इंजिन शक्ती एकदम देत नाही; ती फेऱ्यांबरोबर चढत जाते. पाय जितका दाबावा तितके उत्तर, आणि तेही तत्काळ. आवाजही त्याच क्रमाने वर चढतो. जे इंजिन कमी हवेत अधिक काम करण्यासाठी धडपडते, त्याची धडपड कानांना सुरेल वाटते, हे खरोखर विलक्षण आहे. एनए इंजिनाचे सौंदर्य त्याच्या मर्यादेतून जन्माला आले आहे.

वाया जाणारी उष्णता

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. पेट्रोल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे तिसरा हिस्सा धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर जातो. टर्बोचार्जर या वाया जाणाऱ्या ऊर्जेपैकी काही भाग परत कामाला लावतो. त्याची रचना कल्पनेला सोपी आहे. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन लहान पंखचक्रे असतात. एक चक्र धुराच्या वाटेत बसवलेले असते. तप्त धूर त्याला फिरवतो. दांडा एकच असल्याने दुसरे चक्रही फिरते आणि ते ताजी हवा दाबून सिलिंडरकडे पाठवते. लहान गाड्यांच्या टर्बोत ही चक्रे मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेऊ शकतात. वातावरण जेवढी हवा ढकलू शकत नाही तेवढी आता आत जाते आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाचे काम करू लागते.

परंतु निसर्गात फुकट काही मिळत नाही. हवा दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाचे टोक हाताला गरम लागते, त्याचे कारण हेच. तापलेली हवा विरळ होते, म्हणून तिला थंड करण्यासाठी इंटरकूलर लावावा लागतो. शिवाय दाबलेल्या, उष्ण हवेत पेट्रोल ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता आपोआपच पेटण्याचा धोका असतो. गॅरेजमध्ये ज्याला ‘नॉकिंग’ म्हणतात ते हेच. इंजिन आतून ठोके मारू लागते आणि पिस्टनला इजा होते. ते टाळण्यासाठी टर्बो इंजिनात हवेचे सिलिंडरमधील संपीडन बहुधा काहीसे कमी ठेवावे लागते आणि त्यामुळे कार्यक्षमतेचा थोडा अंश हातचा जातो.

वाहनप्रेमींना खुपणारी उणीव आणखी वेगळी आहे. चालकाने पाय दाबला की आधी धूर वाढतो, मग चक्राचा वेग वाढतो, मग हवेचा दाब वाढतो आणि त्यानंतर शक्ती येते. या साखळीला लागणाऱ्या वेळेस ‘टर्बो लॅग’ म्हणतात. आजच्या गाड्यांत तो क्षणमात्रच असतो. पण पायाला तो कळतो. आवाजाचेही तसेच. धुराचे ठोके चक्रावर आदळून मऊ होतात आणि बाहेर येणारा आवाज दबलेला वाटतो. एनएचे चाहते म्हणतात की टर्बो इंजिनाचा गळा बसलेला असतो. या तक्रारीला भौतिकशास्त्राचा आधार आहे.

जहाज, पर्वत आणि विमान

टर्बोचार्जरची कल्पना शर्यतीच्या मैदानात जन्मली नाही. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. ती व्यवहारात उतरण्यास पुढे दोन दशके लागली. १९२० च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांवर तिचा वापर झाला आणि त्यांची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत गेली.

दरम्यान विमानांनी एक नवी अडचण पुढे आणली होती. उंच जावे तशी हवा विरळ होते आणि इंजिनाचा दम तुटतो. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये लिबर्टी नावाचे विमानाचे इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच पर्वताच्या माथ्यावर नेले. टर्बोविना तेथे ते हतबल झाले होते. टर्बो लावताच समुद्रसपाटीला मिळणारी शक्ती त्याला परत मिळाली. अधिक शक्ती मिळवणे एवढाच टर्बोचा उपयोग नाही, हरवलेली शक्ती परत आणणे हाही आहे, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले.

महाराष्ट्रातील वाचकाला याचा अनुभव दूर जाऊन घ्यावा लागत नाही. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे १५ टक्के कमी असतो. साध्या इंजिनाची शक्तीही जवळपास त्याच प्रमाणात घटते. घाट चढताना गाडी दमली असे आपण म्हणतो, ते अक्षरशः खरे असते. लेहला, सुमारे ३,५०० मीटरवर, हवेचा एक तृतीयांश दाब कमी झालेला असतो. टर्बो इंजिनाला ही झळ पुष्कळ कमी बसते, कारण त्याचे चक्र अधिक वेगाने फिरून तूट भरून काढते.

सर्वसामान्यांच्या मोटारीत टर्बो प्रथम आला तो १९६२ मध्ये, अमेरिकेतील ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्वेयर या गाड्यांत. जेटफायरमधील नॉकिंग रोखण्यासाठी कंपनीने पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण एका वेगळ्या टाकीत भरण्याची सोय केली होती. अनेक मालक ती टाकी भरण्यास विसरत, आणि ही गाडी १९६३ नंतर बंद झाली. यंत्र कितीही हुशारीने घडवले तरी ते मालकाच्या सवयींशी जुळले नाही तर टिकत नाही, हा धडा त्या काळापासूनचा आहे.

दिजोंची शर्यत

या दोन पक्षांचा सामना एखाद्या वाचकास प्रत्यक्ष पाहावयाचा असेल, तर १ जुलै १९७९ रोजी फ्रान्समधील दिजों येथे झालेल्या शर्यतीचे चित्रण त्याने पाहावे. फॉर्म्युला वन शर्यतींचा १९६६ पासूनचा नियम असा होता की इंजिन साधे असेल तर तीन लिटरपर्यंत आणि दाबलेल्या हवेचे असेल तर दीड लिटरपर्यंत. निम्म्या आकाराचे इंजिन बसवून कोण हात पोळून घेणार, म्हणून दीड लिटरच्या वाटेस अनेक वर्षे कोणी गेले नाही. १९७७ मध्ये रेनॉने ते धाडस केले. त्यांची पिवळी गाडी वारंवार धूर सोडत बंद पडे. प्रतिस्पर्ध्यांनी तिला ‘पिवळी चहाची किटली’ असे नाव ठेवले होते.

दोन वर्षांनी दिजोंला तीच किटली पहिली आली. झाँ-पिएर झाबुई यांनी रेनॉच्या टर्बो गाडीत ही शर्यत जिंकली. पण प्रेक्षकांच्या स्मरणात राहिली ती दुसऱ्या स्थानासाठीची झुंज. एका बाजूस फेरारीच्या साध्या, बारा सिलिंडरच्या गाडीत जिल विल्नव्ह आणि दुसऱ्या बाजूस रेनॉच्या टर्बो गाडीत रेने आर्नू. शेवटच्या फेऱ्यांत दोघे चाकाला चाक घासत, एकमेकांना मागे टाकत धावले आणि विल्नव्ह सेकंदाच्या सुमारे पाव अंशाने पुढे राहिले. एकाच दिवशी टर्बोने शर्यत जिंकली आणि एनएने मने जिंकली. पुढील साऱ्या वादाचा सारांश त्या दिवसात सामावलेला आहे.

नंतरचा निकाल मात्र एकतर्फी होता. १९८३ मध्ये नेल्सन पिके हे टर्बो गाडीतून जगज्जेते झालेले पहिले चालक ठरले. १९८८ मध्ये मॅक्लारेनने होंडाच्या टर्बो इंजिनाच्या बळावर १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. शक्ती आवरेनाशी झाल्याने १९८९ पासून टर्बोवर बंदी आली. ती पाव शतक टिकली. २०१४ मध्ये टर्बो परत आला, परंतु कारण बदलले होते. या वेळी प्रश्न शक्तीचा नव्हता; थोड्या इंधनात अधिक अंतर कापण्याचा होता.

तक्रार खरी आहे काय?

रस्त्यावरील गाड्यांत हाच बदल गेल्या दशकात घडला. फेरारीच्या ४५८ इटालिया या गाडीत साडेचार लिटरचे साधे इंजिन होते. ते मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर ५७० अश्वशक्ती देई. २०१५ मध्ये तिची जागा ४८८ जीटीबीने घेतली. तिचे इंजिन ३.९ लिटरचे, दोन टर्बोंचे. शक्ती ६७० अश्वशक्ती. टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ, ५४० वरून ७६० न्यूटन-मीटर झाला आणि तोही निम्म्या फेऱ्यांवर, मिनिटाला ३,००० वर, मिळू लागला. आकडे पाहता वादाला जागा नव्हती. तरीही चाहते हळहळले.

ही हळहळ केवळ जुन्याचा मोह होती काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्याचा पुरावा फेरारीनेच दिला. नव्या गाडीत खालच्या गिअरमध्ये पूर्ण पीळ मिळू नये अशी व्यवस्था त्यांनी मुद्दाम केली. तो फेऱ्यांबरोबर चढत जावा आणि चालकास साध्या इंजिनाचा भास व्हावा, हा त्यामागील हेतू. ज्यांनी टर्बो बसवला त्यांनीच त्याचा लगाम खेचून एनएची चाल त्याला शिकवली. त्याच वर्षी पोर्शने आपल्या ९११ कॅरेरा गाड्यांना टर्बो दिला. मात्र शर्यतीच्या धाटणीच्या जीटी-३ मध्ये साधे इंजिन कायम ठेवले. म्हणजे उत्पादकांनाही ठाऊक होते की चाहते ज्याविषयी बोलत आहेत ती गोष्ट अस्तित्वात आहे. ती आकड्यांच्या तक्त्यात दिसत नाही एवढेच.

शक्तीचा आकडा सांगतो की इंजिन जास्तीत जास्त किती देते. मागितल्यावर ते किती लवकर आणि किती प्रमाणशीर देते, हे तो सांगत नाही. टर्बोचे समर्थक पहिली गोष्ट मोजतात, एनएचे समर्थक दुसरी. दोघांची मापे वेगळी असल्याने दोघेही खरे बोलून भांडत राहतात.

चाचणीची अट

मग साधी इंजिने कमी का होत गेली? त्यामागे कायदा आहे. युरोपीय संघाने नव्या गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडच्या सरासरीवर मर्यादा घातली : २०१५ साठी किलोमीटरला १३० ग्रॅम आणि २०२०-२१ पासून ९५ ग्रॅम. ही सरासरी प्रयोगशाळेतील चाचणीवरून ठरे. त्या वेळची युरोपीय चाचणी वीस मिनिटांची होती आणि तीत सरासरी वेग ताशी सुमारे ३३ किलोमीटर असे. इतक्या मंद चालीत मोठ्या साध्या इंजिनाची हवेची वाट बहुतांशी मिटलेली असते. अर्धवट मिटल्या तोंडाने श्वास घ्यावा तशी त्याची शक्ती श्वास घेण्यातच खर्च होते. लहान टर्बो इंजिनाला ही तोशीस कमी पडते, त्याचे घर्षणही कमी. साहजिकच चाचणीत ते काटकसरी ठरते.

तेच लहान इंजिन भरलेल्या गाडीला महामार्गावर वेगाने ओढू लागले की चित्र पालटते. टर्बोचे चक्र तापू नये म्हणून अनेक इंजिनांत जादा पेट्रोल सोडून धूर थंड केला जाई. चाचणीत दिसलेली काटकसर अशा वेळी आटते. युरोपने २०१७ पासून अधिक लांब आणि अधिक वेगाची चाचणी आणली, त्यामागे प्रयोगशाळा आणि रस्ता यांतील ही दरी हे एक कारण होते. आपल्याकडे पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थांत जे चाचणीचक्र वापरले गेले त्यात सर्वोच्च वेग ताशी ९० किलोमीटर असतो. जाहिरातीतला मायलेजचा आकडा खोटा नसतो. तो ज्या अटीत मोजला गेला त्या अटीत खरा असतो.

याच काळात माझदा या जपानी कंपनीने उलट वाट धरली. तिने साध्या पेट्रोल इंजिनात संपीडनाचे गुणोत्तर १४ पर्यंत नेले आणि आकार न घटवता इंधन वाचवून दाखवले. परंतु २०१६ मध्ये सीएक्स-९ या मोठ्या, जड गाडीसाठी तिनेही टर्बो स्वीकारला. एकाच घरात दोन्ही इंजिने नांदू शकतात, हे त्यावरून दिसते. ओझे पाहून निवड करावी, इतकेच.

आपल्या रस्त्यांवर

भारतात २००६ पासून चार मीटरपेक्षा लहान आणि १,२०० सीसीपर्यंत पेट्रोल इंजिन असलेल्या गाड्यांना करात सवलत मिळू लागली. इंजिनाचा आकार वाढवला तर कर वाढतो. मग शक्ती वाढवायची तर टर्बो हाच मार्ग उरतो. एक लिटरची टर्बो इंजिने आपल्याकडे रुजण्यास हे एक मोठे कारण झाले.

आता मूळ प्रश्न. एक लिटरचे इंजिन दीड लिटरला भारी कसे? दोन परिचित गाड्या घेऊ. होंडा सिटीचे दीड लिटरचे साधे इंजिन मिनिटाला ६,६०० फेऱ्यांवर १२१ अश्वशक्ती देते; त्याचा सर्वाधिक पीळ १४५ न्यूटन-मीटर, तो ४,३०० फेऱ्यांवर. चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसचे एक लिटरचे टर्बो इंजिन ११५ अश्वशक्ती देते. पण त्याचा १७८ न्यूटन-मीटरचा पीळ १,७५० फेऱ्यांपासूनच हाती येतो. २,००० फेऱ्यांवर हे लहान इंजिन सुमारे ५० अश्वशक्ती देत असते, तर मोठ्या इंजिनाला त्या फेऱ्यांवर ४१ हून अधिक देणे शक्य नसते. शोरूमवाल्याचे म्हणणे येथे खरे ठरते. मात्र फेरे वाढवत नेले की शेवटी मोठे इंजिन पुढे जाते. आणि १,५०० फेऱ्यांच्या खाली, सिग्नलवरून निघताना किंवा कोंडीत रेंगाळताना, टर्बो अजून जागा झालेला नसतो. त्या वेळी एक लिटरचे इंजिन एक लिटरचेच असते.

डिझेलच्या बाबतीत हा वाद उरलेला नाही. डिझेल इंजिनात केवळ हवा दाबली जाते आणि इंधन नंतर सोडले जाते. वेळेआधी पेटण्याचा पेट्रोलसारखा धोका तेथे नसतो, आणि हवा जास्त झाली तर हितच होते. त्यामुळे आज विकल्या जाणाऱ्या डिझेल गाड्या टर्बोच्याच असतात.

राहिले गॅरेजवाल्याचे म्हणणे. टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ऑइल जुने, हलके किंवा कमी असेल तर तो थर तुटतो आणि दुरुस्तीचा खर्च साध्या इंजिनाच्या मालकाला कधी न येणारा असतो. म्हणून कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचे ऑइल आणि तेही वेळेवर बदलावे. गार इंजिन लगेच जोरात पळवू नये. घाट चढून आल्यावर ते मिनिटभर मंद चालू ठेवून मग बंद करावे. एवढे पथ्य पाळले तर टर्बो दीर्घकाळ टिकतो. न पाळल्यास गॅरेजवाला खरा ठरतो.

आमच्या त्या विद्यार्थ्याला आता आमचे उत्तर असे आहे. खोटे कोणी बोलत नाही. दोघेही आपापली अट सांगावयास विसरले आहेत. तुझी गाडी दिवसभर शहराच्या कोंडीत फिरणार असेल, ती तू दहा वर्षे ठेवणार असशील आणि चालक बदलत राहणार असतील, तर साधे इंजिन घे. त्याच्या चुका स्वस्त असतात. चार प्रवासी आणि सामान घेऊन वारंवार घाट चढावयाचा असेल आणि ऑइलची काळजी तू स्वतः घेणार असशील, तर टर्बो घे. चढावर तो तुला दगा देणार नाही. निर्णयापूर्वी दोन्ही गाड्या चालवून पाहा. मात्र रिकाम्या गुळगुळीत रस्त्यावर नव्हे, घरची चार माणसे बसवून आणि एसी लावून, ज्या रस्त्यावर तुझा दिवस जातो त्याच रस्त्यावर.

पुढील काळात विजेच्या मोटारी या वादाला कदाचित विराम देतील. विजेच्या मोटारीला श्वासच घ्यावा लागत नाही; पाय दाबताच पूर्ण पीळ मिळतो. टर्बोवाल्यांना हवा असलेला जोर आणि एनएवाल्यांना हवे असलेले तत्काळ उत्तर, दोन्ही तिच्यात आहेत. नाही तो केवळ आवाज. तेव्हा वादाचा विषय बदलेल, परंतु मेळाव्यातील तो कोपरा रिकामा राहणार नाही, याची आम्हांस खात्री आहे. त्या कोपऱ्यात बसणाऱ्यांनी दुसऱ्याचा आकडा खोडण्यापूर्वी तो कोणत्या अटीत मोजला आहे एवढे विचारले, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.